ताज्या युद्धाला जुन्या युद्धाचे माप लावावे का?

नाशिकच्या एका महाविद्यालयातल्या वादविवाद संघाला विषय मिळाला आहे: "चालू युद्धाची तुलना होऊन गेलेल्या युद्धाशी करणे न्याय्य आहे." त्यांनी विचारले आहे की बाजूने बोलावे की विरोधात, आणि उदाहरणे कशी हाताळावीत. त्यांच्या मनात तीन जोड्या आहेत. युक्रेन आणि पहिले महायुद्ध, मे २०२५ आणि १९७१, आणि संघातल्या एकाच्या घरी निफाडकडे द्राक्षबाग असल्यामुळे तांबड्या समुद्रातले हल्ले आणि १९६७ साली बंद झालेला सुवेझ कालवा.

कोणतीही बाजू घ्या, पण "तुलना" हा शब्द सुटा सोडू नका. अख्खे युद्ध अख्ख्या युद्धाशेजारी ठेवले की ती तुलना जवळजवळ नेहमी फसते. एका युद्धाचा एक तुकडा, एका ठरलेल्या प्रश्नासाठी, दुसऱ्या युद्धाच्या तेवढ्याच तुकड्याशेजारी ठेवला तर ती न्याय्य असते आणि उपयोगीही. त्यामुळे पहिले काम असे की तुलना कोणत्या प्रश्नाचे उत्तर मिळवायला केली आहे, ते एका ओळीत लिहायचे. "युक्रेन म्हणजे पहिले महायुद्धच" हे वाक्य कोणत्याच प्रश्नाचे उत्तर नाही. "खंदकात अडकलेली आघाडी कशामुळे हलते?" हा प्रश्न आहे. "तोफगोळ्यांचा साठा संपल्यावर सरकारे काय करतात?" हाही प्रश्न आहे. या दोन प्रश्नांना १९१४-१८ ची उदाहरणे वेगवेगळी लागतील, आणि त्यांतले एक लागू पडेल, दुसरे पडणार नाही.

आपल्याला ही सवय भाषेतूनच लागते. निवडणुकीत पडलेल्याचे पानिपत होते, क्रिकेटच्या संघाचे पानिपत होते. १४ जानेवारी १७६१ च्या त्या दिवसातली "मोठा पराभव" एवढीच गोष्ट या शब्दात उरली. मराठी फौजेची रसद आधी तोडली गेली होती, माणसे-जनावरे उपाशी होती आणि लढाई टाळता येण्याजोगी राहिली नव्हती, हे सगळे गळाले. अभ्यासकाला नेमके तेच हवे असते.

"गनिमी कावा" या शब्दाचेही तसेच. १ जून २०२५ रोजी युक्रेनने ट्रकांवरच्या लाकडी खोक्यांत दडवलेली ड्रोन रशियाच्या हवाई तळांवर सोडली. त्यांतला एक तळ सायबेरियात, युक्रेनपासून ४,००० किलोमीटरहून दूर होता. लगेच लाल महालाची आठवण निघाली. साम्य आहेच, शत्रूला सुरक्षित वाटणाऱ्या जागी अचानक घाव. पण एप्रिल १६६३ मध्ये शाइस्ताखान ज्या वाड्यात उतरला होता तो महाराजांच्या लहानपणीचा वाडा. दारे, खिडक्या, वाटा माहितीच्या. सायबेरियातल्या तळाबद्दल हल्लेखोरांकडे तसली घरची ओळख असण्याचा प्रश्न नव्हता. तिथे काम झाले ते रशियाच्याच रस्त्यांवरून मुकाट धावणाऱ्या मालवाहू गाड्यांमुळे. म्हणून धक्क्याच्या परिणामाबद्दल बोलायचे असेल तर लाल महाल घ्या. छापा कसा जमवला हे सांगायचे असेल तर नको.

युक्रेन आणि पहिले महायुद्ध

इथे पहिली चूक टप्प्याची होते. पहिले महायुद्ध म्हणजे चार वर्षे खंदक, असे चित्र डोक्यात असते. प्रत्यक्षात ऑगस्ट १९१४ चे युद्ध वेगाने हलणारे होते, १९१६ चे अडकलेले आणि १९१८ चे पुन्हा हलणारे. युक्रेनमध्येही फेब्रुवारी-मार्च २०२२ मध्ये रणगाड्यांचे ताफे कीवकडे धावत होते, त्या वर्षीच्या सप्टेंबरात खारकीव्ह भागात युक्रेनने झपाट्याने मुलूख परत घेतला, आणि २०२३ पासून आघाडी चिकटली. तेव्हा दोन्हीकडच्या तारखा लिहा. "१९१६ ची फ्रान्समधली सोम नदीची आघाडी आणि २०२३ नंतरची पूर्व युक्रेन" असे म्हटले की निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

दुसरी चूक आकड्यांची. आकडा नुसता ठेवायचा नाही, तो दर किलोमीटरला आणि दर दिवसाला काढायचा. सोमच्या हल्ल्याआधी ब्रिटिश तोफांनी सात दिवसांत सुमारे १५ लाख गोळे झाडले, साधारण २५ किलोमीटरच्या पट्ट्यावर. भागाकार केला तर दिवसाला दर किलोमीटरवर साडेआठ हजारांच्या आसपास येतात. २०२२ च्या उन्हाळ्यात रशिया दिवसाला किती गोळे झाडत होता याचे अंदाज २०,००० ते ६०,००० असे आहेत. वरचा आकडा धरून हजार किलोमीटरच्या आघाडीवर वाटला तर दर किलोमीटरला ६०. म्हणजे एकशे चाळीसपटीचा फरक!

आणि इथेच थांबलात तर समोरचा संघ तुम्हाला पकडेल, कारण ही मांडणी अन्यायाची आहे. सोमचा आकडा हल्ल्यासाठी तोफा दाटीने आणलेल्या एका पट्ट्याचा आहे आणि युक्रेनचा आकडा सबंध आघाडीवर पसरलेला. सारखे सारख्याशी ठेवायचे तर रशियाचा सगळा मारा शंभर किलोमीटरमध्ये एकवटला असे धरून बघा. तरी दर किलोमीटरला ६०० येतात, सोमच्या चौदाव्या हिश्श्याइतके. हा फरक खरा म्हणता येईल. शिवाय १९१६ चे पुष्कळ गोळे फुटलेच नाहीत, आणि जे फुटले त्यांतले बरेचसे खंदक उद्ध्वस्त करणारे नव्हते, उघड्यावरच्या माणसांवर गोळ्या उधळणारे होते. त्यामुळे गोळ्यांची संख्या म्हणजे माऱ्याची ताकद, असेही धरता येत नाही. देवळालीच्या तोफखाना स्कूलच्या आसपास राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको; तिथे शिकवतात त्यातला मोठा भाग गोळा नेमका कुठे आणि कोणत्या क्षणी फुटावा याबद्दलच असतो.

मग खंदक दोन्हीकडे का? १९१६ मध्ये सुमारे ७०० किलोमीटरच्या पश्चिम आघाडीवर लाखो माणसे दाटीवाटीने होती. मशीनगन, काटेरी तारा आणि तोफा यांच्यापुढे उघड्यावर पाऊल टाकता येत नव्हते. युक्रेनमध्ये आघाडी जास्त लांब आणि माणसे विरळ. तिथे माणूस जमिनीत जातो तो वरून ड्रोन सतत बघत असते म्हणून. रणगाडे एकत्र आले की दिसतात, दिसले की मारले जातात. खंदकाचा फोटो सारखा, खंदकामागचे कारण वेगळे. त्यामुळे उपायही उसना घेता येत नाही. १९१८ मध्ये कोंडी फुटायला रणगाडे, तोफांचा नवा हिशेब, जर्मनीची दमछाक आणि ताज्या अमेरिकन फौजा कामी आल्या. आज तेवढेच रणगाडे आणून कोंडी फुटेल असे १९१८ वरून म्हणता येणार नाही.

जिथे ही जोडी चांगली चालते ती जागा आहे कारखान्यांची. १९१५ मध्ये ब्रिटनमध्ये तोफगोळ्यांचा तुटवडा इतका गाजला की त्यासाठी वेगळे मंत्रालय काढावे लागले. २०२२ नंतर युरोप-अमेरिकेला १५५ मिलिमीटरच्या गोळ्यांबाबत तीच अडचण आली: शांततेच्या काळात धरलेला खप आणि खऱ्या युद्धातला खप यांत मेळ नव्हता, आणि नवी उत्पादनसाखळी उभी करायला महिने नव्हे, वर्षे लागतात. एवढ्या मुद्द्यासाठी १९१५ चे उदाहरण बेधडक वापरा.

युद्ध संपेल कसे, या प्रश्नासाठी मात्र पहिले महायुद्ध बाजूला ठेवून कोरिया काढा. १९५१ च्या मध्यापासून तिथली आघाडी फारशी हलली नाही. वाटाघाटी जुलै १९५१ मध्ये सुरू झाल्या आणि करार २७ जुलै १९५३ ला झाला. मधली दोन वर्षे माणसे मरतच होती, आणि घोळ मुख्यतः युद्धकैद्यांच्या परतीवर अडला होता. शहरांवर क्षेपणास्त्रे आणि वर्षानुवर्षे खंदक असे दोन्ही एकत्र हवे असेल तर १९८०-८८ चे इराण-इराक युद्ध जवळचे. एका चालू युद्धासाठी निदान तीन जुनी युद्धे टेबलावर ठेवल्याशिवाय बोलायचे नाही, हा नियम पाळा. एकच ठेवले की ते आपल्याला आधीच आवडलेले असते.

हताहत म्हणजे मृत नव्हे

ही चूक मराठी लिखाणात इतकी दिसते की तिला वेगळी जागा देतो. सोमच्या हल्ल्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे १ जुलै १९१६ या एका दिवशी, ब्रिटिश फौजेचे ५७,४७० हताहत झाले. अनुवाद करताना हा आकडा सर्रास "ठार" म्हणून छापला जातो. ठार १९,२४० होते. बाकीचे जखमी, बेपत्ता किंवा पकडले गेलेले. चालू युद्धाचा "ठार" आकडा जुन्या युद्धाच्या "हताहत" आकड्याशेजारी ठेवला की आजचे युद्ध एकदम किरकोळ वाटू लागते, आणि उलटे केले की भयंकर. १९७१ च्या सुमारे ९३,००० कैद्यांच्या आकड्यातही सगळे सैनिक नाहीत, त्यात नागरिकही आहेत. चालू युद्धाचा कोणताही आकडा घेताना तो कोणत्या बाजूने दिला, त्यात काय धरले आणि कोणत्या तारखेपर्यंत, या तीन गोष्टी शेजारी लिहा. जमत नसेल तर आकडा वगळा. भाषणात फरक पडत नाही.

मे २०२५ आणि १९७१

ही जोडी स्पर्धेत हमखास येणार, आणि टाळ्यांसाठी येणार. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला २६ जणांची हत्या झाली, ७ मे रोजी भारताने नऊ ठिकाणांवर हल्ले केले, १० मे रोजी गोळीबार थांबला. "१९७१ मध्ये देश तोडला, आता चार दिवसांत थांबलो" असे एक बाजू म्हणते. "१९७१ मध्ये ९३,००० कैदी सोडून दिले, आता तळ घुसून मारले" असे दुसरी. दोघेही जुन्या युद्धाचा उपयोग आजच्या राजकारणासाठी करतात.

फरक मोजा. १९७१ मध्ये मार्चपासून डिसेंबरपर्यंत तयारीला नऊ महिने मिळाले. पाऊस सरून बंगालच्या नद्या उतरण्याची आणि हिमालयाच्या खिंडी बर्फाने बंद होण्याची वाट बघता आली. ९ ऑगस्टला सोव्हिएत संघाशी करार झाला आणि सुरक्षा परिषदेत त्याचा नकाराधिकार मिळाला. पूर्व पाकिस्तान तीन बाजूंनी भारताने वेढलेला, चौथ्या बाजूला समुद्र, तिथली जनता आपल्या बाजूची, मुक्तिवाहिनी आतून लढणारी. आणि तेव्हा दोन्ही देशांकडे अण्वस्त्रे नव्हती. भारताची पहिली चाचणी १९७४ ची, पाकिस्तानची १९९८ ची. यांतली एकही गोष्ट २०२५ मध्ये तशी नव्हती. जाहीर उद्दिष्टही वेगळे होते. मुलूख घेणे हे उद्दिष्टच नसताना "किती मुलूख घेतला" असे विचारणे म्हणजे शंभर मीटर धावणाऱ्याला मॅरेथॉन का नाही पुरी केली असे विचारण्यासारखे.

२०२५ साठी खरी शेजारी उदाहरणे १९९९ (कारगिल), २०१६ (सर्जिकल स्ट्राइक) आणि २०१९ (बालाकोट) ची. तिन्ही अण्वस्त्रांनंतरची, तिन्हींत मर्यादा आधी आखलेली. कारगिलमध्ये २६ मे १९९९ पासून हवाई दल उतरले, पण नियंत्रण रेषा ओलांडायची नाही या अटीवर. बालाकोटला, २६ फेब्रुवारी २०१९ रोजी, हवाई दलाने ती रेषा ओलांडली. २०२५ मध्ये पल्ला आणखी वाढला, क्षेपणास्त्रे आणि ड्रोन आली. या रांगेत प्रश्न विचारता येतो: प्रत्येक वेळी मर्यादा किती सरकली, आणि थांबायला किती दिवस लागले? १९७१ मधून एकच तुकडा घ्यावासा वाटला तर तिसऱ्या देशांचा दबाव हा घ्या. तेव्हा अमेरिकेने विमानवाहू जहाज बंगालच्या उपसागरात धाडले होते. २०२५ मध्ये अमेरिकेचा वाटा किती, यावर भारत आणि पाकिस्तान यांचे म्हणणे एकमेकांविरुद्ध आहे, हेही सांगा. एकाच बाजूचे म्हणणे वस्तुस्थिती म्हणून मांडू नका.

ओझरच्या विमान कारखान्यामुळे नाशिककरांना एक जास्तीचा सापळा आहे. मिग-२१ इथे बनली, ती १९७१ मध्ये लढली आणि २०१९ मध्येही उडाली. नाव तेच म्हणून विमान तेच असे वाटते. २०१९ चे बायसन रूप वेगळ्या रडारचे आणि वेगळ्या क्षेपणास्त्रांचे होते. रणगाडा, पाणबुडी, "तोफ" या सगळ्या शब्दांना हे लागू आहे.

तांबडा समुद्र, सुवेझ आणि द्राक्षे

तिन्ही जोड्यांत ही मला सर्वांत उपयोगी वाटते, कारण इथे चुकीची तुलना केली तर माल सडतो.

१९६७ च्या जूनमधल्या युद्धात सुवेझ कालवा बंद झाला तो ५ जून १९७५ ला उघडला. आठ वर्षे. २०२३ च्या नोव्हेंबरपासून येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले आणि बऱ्याच कंपन्यांनी आफ्रिकेला वळसा घातला. या दोन घटनांवरून दोन उलटे निष्कर्ष काढले जातात: "आता वर्षानुवर्षे असेच" आणि "१९६७ मध्ये जगाने जमवून घेतले, आताही घेईल".

सारखे काय ते आधी. अंतर सारखे. मुंबई ते रॉटरडॅम सुवेझमार्गे साधारण ६,३०० सागरी मैल, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून (केपमार्गे) १०,७०० च्या आसपास. जास्तीचे ४,४०० मैल. १६ नॉट वेगाने जहाज दिवसाला ३८४ मैल कापते, म्हणजे साडेअकरा दिवस वाढले. त्यातून पुढचा परिणामही सारखा: प्रत्येक जहाजाच्या वर्षातल्या फेऱ्या घटतात, म्हणून जहाजे तेवढीच असूनही जागा कमी पडते आणि भाडे चढते. रिकामे रीफर (माल थंड ठेवणारे) कंटेनर न्हावा शेव्याच्या बंदरात उशिरा परततात, म्हणजे ऐन हंगामात कंटेनरच मिळत नाही. एवढा भाग १९६७ वरून आधीच सांगता आला असता.

वेगळे काय? तेव्हा कालवाच बंद होता: पात्रात बुडवलेली जहाजे आणि सुरुंग, एका काठावर इजिप्तची आणि दुसऱ्यावर इस्रायलची फौज. उघडायला दोन देशांत समझोता आणि पात्राची सफाई लागली. २०२३ मध्ये कालवा उघडाच होता, धोका त्याच्या दक्षिणेला, तांबड्या समुद्राच्या दुसऱ्या तोंडाशी, बाब-अल-मंदेबच्या सामुद्रधुनीजवळ. जायचे की नाही हे जहाज कंपनी आणि विमा कंपनी ठरवते आणि तो निर्णय कधीही फिरू शकतो. म्हणून कालावधीच्या अंदाजासाठी १९६७ सोडा. त्यासाठी इराण-इराक युद्धातले १९८४ नंतरचे तेलवाहू जहाजांवरचे हल्ले बघा: मार्ग उघडा, हल्ले चालू, विम्याचा हप्ता चढलेला, तरी वाहतूक थांबली नाही.

आणि माल. १९६७ मध्ये वळसा घालून जाणाऱ्यात सर्वांत मोठा वाटा खनिज तेलाचा होता. तेलाला बारा दिवस जास्त लागले तर पैसे अडकतात, तेल नासत नाही. द्राक्षाचे तसे नाही. प्रीकूलिंग (तोडल्यावर माल लगेच गार करणे) नीट झाले, ग्रेपगार्ड (बुरशी रोखणारा कागद) बरोबर लावला आणि कंटेनर शून्य अंशाच्या आसपास राहिला तरी देठ वाळणे आणि मणी गळणे दिवसांच्या हिशेबाने वाढत जाते. जो माल तीन-साडेतीन आठवड्यांत पोचायचा तो पाच आठवड्यांवर गेला की युरोपातल्या ग्राहकाच्या दुकानात उरलेले दिवस कमी होतात, आणि दर तिथे पडतो. तोडणीच्या वेळी साखर किती असावी, कोणता प्लॉट युरोपला आणि कोणता आखातात पाठवावा, हे ठरवायला १९६७ चा इतिहास काही मदत करत नाही. न्हावा शेवा बंदरच १९८९ चे आहे. त्या काळी इथून कंटेनरने द्राक्षे जातच नव्हती.

चुका करणारे लहान नव्हते

१९५६ मध्ये इजिप्तच्या नासर यांनी सुवेझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले. ब्रिटनचे पंतप्रधान ईडन १९३८ मध्ये हुकूमशहांना चुचकारण्याच्या धोरणावरून परराष्ट्रमंत्रिपद सोडलेले गृहस्थ. त्यांना नासरमध्ये जुने हुकूमशहा दिसले, फ्रान्स आणि इस्रायलबरोबर फौज उतरवली, आणि अमेरिकेने पौंड सावरायला मदत नाकारताच काही आठवड्यांत माघार घ्यावी लागली. नासर कसा आहे, हे ते वीस वर्षांपूर्वीच्या माणसावरून ठरवत होते. ब्रिटनच्या तिजोरीची अवस्था १९३८ सारखी राहिलेली नाही, हे मात्र हिशेबात आले नाही. भारतात १५ जून २०२० च्या गलवान चकमकीनंतर, जिथे २० भारतीय जवान गेले, सगळे १९६२ आठवत बसले. १९६७ मध्ये सिक्कीममधल्या नथू ला आणि चो ला इथे भारतीय फौजेने चीनला चांगले उत्तर दिले होते, ते फार थोड्यांनी काढले. जखम जास्त आठवते, त्याला इलाज नाही.

नाशिककर म्हणून रामशेजचे उदाहरण द्यावेसे वाटेल. १६८२ पासून मोगलांनी वेढलेला हा लहानसा किल्ला काही वर्षे टिकला. युक्रेनमधल्या मारिउपोलचा, रशियाने वेढलेला पोलाद कारखाना २०२२ मध्ये मे महिन्यात पडला. शौर्य तोलू नका. रामशेजवर बाहेरून मराठ्यांच्या तुकड्या वेढ्यावर तुटून पडत; मारिउपोलला हेलिकॉप्टरच्या मोजक्या फेऱ्या सोडल्या तर बाहेरून काही पोचत नव्हते. "वेढा कधी फुटतो" या प्रश्नाला ही जोडी चांगली, कारण फरकच उत्तर देतो.

तयारी

कागदाचे तीन रकाने करा. पहिल्यात साम्य, दुसऱ्यात फरक, तिसऱ्यात अजून न कळलेले. फरकाचा रकाना आधी भरा. साम्य आपोआप सुचते. प्रत्येक फरकापुढे एकच गोष्ट लिहा, याने माझ्या प्रश्नाचे उत्तर बदलते का. बदलत नसेल तर तो फरक खोडा. सोमला रेनकोट वेगळे होते, त्याने काही बिघडत नाही. तिसरा रकाना रिकामा राहिला तर समजा की चालू युद्ध तुम्ही संपलेले धरून चालला आहात. जुन्या युद्धाचा शेवट आपल्याला ठाऊक असतो आणि तो नकळत चालू युद्धाला चिकटवला जातो. यावर औषध म्हणजे त्या काळची वर्तमानपत्रे, शेवट माहीत नसलेल्या माणसांनी लिहिलेली. जुन्या अंकांसाठी नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात (सावानात) चौकशी करा आणि १९७१ चा डिसेंबर नव्हे, ऑगस्ट-सप्टेंबर वाचा. तेव्हा कोण काय भाकीत करत होते ते टिपून ठेवा.

बाजू निवडायची मुभा असेल तर बाजूने बोला, पण पहिल्याच मिनिटात "एका प्रश्नापुरती" ही अट घाला. प्रश्नोत्तरात परीक्षक बहुधा विचारतील, मग हिटलरशी तुलना कधी करावी? त्या नावाची तुलना बहुतेक वेळा समोरच्याचे तोंड बंद करायला होते. अशा वेळी उलट विचारा: १९३६, १९३८, १९३९ की १९४२? बोलणाऱ्याला साल सांगता आले नाही, तर पुढचे मिनिट तुमचे.